नवं माणूस आलंय

शेगावहून पंढरपूरला जाणारा रस्ता लोणार मागं टाकतो, जालना जिल्ह्यात शिरतो आणि मंठ्यावरून परतूर, माजलगावकडे निघतो. राष्ट्रीय महामार्ग झाल्यापासून त्याला शेगाव-पंढरपूर दिंडी मार्ग म्हणतात. दिंडीची स्वतःची एक व्यवस्था असते. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, आणि त्यांच्यामागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. पहिल्यांदा चालायला आलेल्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं. त्याच्या हातात कुणी नियमांचा कागद देत नाही. शेजारी चालणारा त्याला 'माउली' म्हणतो, पाणी देतो, टाळ कसा धरायचा ते दाखवतो. गावाकडे एकजण सावकार असेल, दुसरा सालगडी. इथं दोघंही माउलीच. चौकशी न करता आधी सोबत घ्यायचं, बाकीचं चालता चालता कळेल, ही ती रीत.

दुःखात सापडलेल्या माणसांनी एकमेकांना धरून राहण्याचे जे गट आज मोबाइलवर चालतात, त्यांची सगळी भिस्त याच रीतीवर आहे. गट दारू सुटलेल्यांचा असो, स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलांच्या आईबापांचा असो, की कोरोनात नवरा गमावलेल्या बायांचा. ॲप उतरवून घेणं, लिंक दाबणं ही दोन मिनिटांची कामं आहेत. पहिला शब्द लिहायला मात्र कधी कधी दोन महिने लागतात. त्या पहिल्या शब्दाची कहाणी मंठ्यापासून फार लांब सुरू होते. पण ती सुरू होण्याआधी मंठ्यासारख्या गावात दुःख बोलायला कोणती जागा होती, हे पाहायला हवं.

हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. मंठा तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यात. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तेव्हा परतूरबरोबर मंठाही जालन्याकडे गेलं आणि पुढे स्वतंत्र तालुका झालं. रेल्वे अजूनही परतूरलाच. जालना साठेक किलोमीटरवर, पुणं एका रात्रीच्या प्रवासावर. उत्तरेकडून पूर्णा वाहते, शेतात कापूस, सोयाबीन, तूर, आणि पाऊस रुसला की सगळंच थांबतं.

अशा गावात मरण आलं की माणसं गोळा होतात. 'दुःखाला जाणं' हा इथला शब्द. त्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंद कडू घास घेऊन येतात, बाया जवळ बसतात, दहाव्यापर्यंत घर रिकामं राहत नाही. आलेल्या बाईला काही बोलता आलं नाही तरी चालतं. तिचं येऊन बसणं पुरेसं असतं. ही व्यवस्था पक्की आहे आणि तिनं कितीतरी माणसं सावरली आहेत. पण ती ठरावीक दुःखांसाठीच आहे. नवऱ्याची दारू, पोराला ऐकू येणारे आवाज, एचआयव्हीचा रिपोर्ट, कर्जापायी घरातल्या माणसानं संपवलेलं आयुष्य, यांच्यासाठी गावात कडू घास नाही. तिथं माणसं येतात ती चौकशीला, आणि घर दार लावून घेतं. लावलेल्या दाराआडच्या या दुःखांसाठीच पुढे वेगळ्या बैठकी निघाल्या.

त्यातली सर्वांत गाजलेली बैठक एका टेलिफोनवरून सुरू झाली. मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन हे गाव. न्यूयॉर्कहून आलेला बिल विल्सन मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात एकटा उभा होता. धंद्याचा व्यवहार फिसकटला होता. पाच-सहा महिन्यांपूर्वीच सोडलेली दारू पलीकडच्या बारमधून खुणावत होती. दुसऱ्या बाजूला फोन होता आणि गावातल्या चर्चची यादी. त्यानं फोन उचलला. एका पाद्र्याकडून काही नावं मिळाली, तो एकामागून एक फोन करत गेला आणि शेवटी हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईपर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. डॉक्टर स्वतः दारूत बुडालेले. पंधरा मिनिटांवर थांबणार नाही असं बजावून ते आले आणि रात्री अकरापर्यंत बसून राहिले.

विल्सननं त्यांना उपदेश केला नाही, उपचार सांगितला नाही. स्वतःची हकिकत सांगितली. डॉक्टरांना आजवर सल्ला देणारे पुष्कळ भेटले होते. आपल्यासारखाच पडलेला माणूस पहिल्यांदा भेटत होता. १० जून १९३५ हा डॉ. बॉब यांनी शेवटची दारू घेतल्याचा दिवस मानतात आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे 'एए'चा तोच वाढदिवस. त्या फोनमागचा हिशेब विचार करायला लावणारा आहे. विल्सन मदत मागायला नव्हे, मदत करायला माणूस शोधत होता. दुसऱ्याला सावरलं तरच आपण सावरू, हे त्याला कळून चुकलं होतं. पुढे निघालेल्या सगळ्या आधारगटांचा पाया हाच आहे. गटात नवं आलेलं माणूस म्हणजे ओझं नव्हे. जुन्यांना टिकून राहण्यासाठी त्याची गरज असते.

एएनं काही पद्धती बसवल्या आणि त्या आजही जगभर तशाच आहेत. आडनाव सांगायचं नाही. फी नाही. एकजण बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, त्याला सल्ला द्यायचा नाही. आपली पाळी आली की फक्त आपलं सांगायचं. मराठी मीटिंगांमध्ये याला 'शेअरिंग' म्हणतात. वीस वर्षांपूर्वी दारू सोडलेला माणूसही पुन्हा पहिल्यापासून सांगतो, कारण खोलीत कुणीतरी आज पहिल्यांदा आलेलं असतं. बाहेरच्याला ही नुसती उजळणी वाटेल. खरं तर नवं माणूस आत येण्याचं दार तेच आहे.

भारतात एए १९५७ च्या सुमारास आलं, आधी मोठ्या शहरांत आणि इंग्रजीतून. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला आणि खेड्यांना या विचाराची ओळख झाली ती मुख्यतः पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रामुळे. १९८० च्या दशकात ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, तरुण पोरांना गिळत होती. अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. डॉ. सुनंदा अवचट यांनी ते घरासारखं चालवलं. बरे झालेले रुग्णच तिथं कार्यकर्ते झाले. व्यसनात काय काय खोटं बोलता येतं हे त्यांना आतून माहीत असल्यामुळे नव्याला त्यांच्यापुढे सोंग करावं लागत नसे.

दाखल होऊन बरं होण्याचे दिवस त्या मानानं सोपे. अवघड असतं ते घरी परतणं. मुक्तांगणनं त्यासाठी निरनिराळ्या शहरांत पाठपुराव्याच्या बैठका सुरू केल्या. पुण्यातल्या माणसाला संध्याकाळी सायकल काढून बैठकीला जाता येई. मंठ्यासारख्या तालुक्यातून आलेल्याला एसटीनं एक दिवस जायला, एक यायला, आणि रोजगार बुडाला तो वेगळाच. गावी परतल्यावर त्याच्याशी 'आज कसा गेला दिवस?' असं विचारणारं, तेही ज्याला त्या प्रश्नाचा अर्थ ठाऊक आहे असं, कुणी नसायचं. बाजारच्या दिवशी जुने सोबती मात्र हमखास भेटायचे.

मानसिक आजारांचंही तेच. कॅनडात स्थायिक झालेले, मूळ धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातल्या अनुभवातून पुण्यात १९९७ ला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. रुग्ण आणि त्यांची घरची माणसं यांचे स्वमदत गट तिथं बसू लागले. २००४ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट आला. आपल्या घरात जे चाललंय ते आणखीही घरांत चालतं, हे पुष्कळ कुटुंबांना त्या पडद्यावर पहिल्यांदा दिसलं. तरी बैठक पुण्यातच होती.

मग फोन होता ना? लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मगुरूनं नोव्हेंबर १९५३ मध्ये जीव नकोसा झालेल्यांसाठी एक फोन ठेवला आणि 'समॅरिटन्स' सुरू झालं. त्याच धर्तीवर मुंबईत हेल्पलाइन निघाल्या. १९९८ ची 'आसरा' त्यातली एक. पण १९९० च्या दशकात तालुक्याच्या गावातला फोन म्हणजे पिवळी पाटी लावलेला एसटीडी-पीसीओ. काचेची खोली, समोर पळणारे लाल आकडे, बाहेर रांगेत उभी असलेली ओळखीची माणसं आणि गल्ल्यावर बसलेला, सगळ्यांना नावानं ओळखणारा मालक. आकडा वाढत असताना, काचेबाहेरून चारजण पाहत असताना आपल्या घरातली दारू कोण बोलेल? त्या खोलीतून पोरगी सुखरूप पोचली का, कापसाचा भाव काय निघाला, एवढंच बोलून व्हायचं.

लिहून गप्पा मारण्याची सोय अशा माणसासाठी मोलाची ठरली, पण ती निघाली होती वेगळ्याच कारणानं. १९८० मध्ये अमेरिकेत कॉम्प्युसर्व्ह कंपनीनं लोकांना संगणकावरून एकाच वेळी एकमेकांशी लिहून बोलता येईल अशी सेवा सुरू केली. ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यानं 'आयआरसी' बनवलं. खोलीत शिरायचं, एक टोपणनाव घ्यायचं, लिहायला लागायचं. ज्यांचं दुःख चारचौघांत बोलण्याजोगं नव्हतं, त्यांना हे टोपणनाव फार उपयोगी पडलं. आडनाव न सांगण्याची एएची रीत इथं आपोआपच मिळाली. आणखी एक गोष्ट घडली. रडू आलं तर बोलणं थांबतं, लिहिणं थांबत नाही. पलीकडच्या खोलीत सासरा झोपलेला असताना फोनवर कुजबुजताही येत नाही, पण अक्षरांचा आवाज होत नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं २०१२ मध्ये सुरू केलेल्या 'आयकॉल' या समुपदेशन सेवेनं फोनबरोबर चॅटचीही सोय ठेवली, त्यामागची गरज हीच.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आलं. मराठी माणसाला मात्र पुढची कितीतरी वर्षं मराठी रोमन लिपीत लिहावं लागलं. युनिकोडमध्ये देवनागरीला जागा होती, फोनमध्ये कळफलक नव्हता. जिचं शिक्षण सातवीपर्यंत मराठी शाळेत झालं, तिनं आपलं दुःख रोमन अक्षरांत कसं लिहावं? तिच्यासाठी दार उघडलं ते २०१३ मध्ये, व्हॉट्सॲपवर आवाजाचे निरोप सुरू झाले तेव्हा. बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलनं मराठी बोललेलं टंकून देण्याची सोय केली. या तीन-चार वर्षांत जे बदललं ते मराठवाड्याच्या दृष्टीनं वीज येण्याइतकं मोठं होतं.

तोवर हा प्रदेश पोळून निघाला होता. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा सर्वांत होरपळलेल्यांत होता. २०१५ या एका वर्षात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्याच वर्षी राज्य सरकारनं मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. जालना त्यात होताच. आशाताईंनी घरोघरी जाऊन झोप लागते का, जेवण जातं का, जगावंसं वाटतं का, हे विचारायचं आणि गरज दिसली तर माणसाला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे किंवा १०४ या हेल्पलाइनकडे जोडून द्यायचं. आशाताईचं मोल इथं मोठं आहे. ती गावचीच. ती लसीकरणाला येते, बाळंतिणीला भेटते, त्यामुळे तिच्या येण्यावरून कुणाला काही शंका येत नाही. घराबाहेरच्या मदतीशी जोडणारं पहिलं ओळखीचं माणूस अनेक घरांना तिच्यातच मिळालं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. एएच्या मीटिंगा झूमवर गेल्या. ज्याला आजवर मीटिंगसाठी शहर गाठावं लागे, तो खेड्यातल्या ओसरीवर बसून पुण्या-मुंबईच्या मीटिंगला हजर राहू लागला. आणि वर्षभरात दुसरी लाट आली. २०२१ च्या अखेरीस राज्यात कोरोनाचे नोंदलेले मृत्यू १,४१,००० च्या पुढे गेले. त्यात तिशी-पस्तिशीतले कर्ते पुरुष पुष्कळ होते. मागं राहिलेल्या बायांकडे दुःखाला कुणी आलं नाही, कडू घास आला नाही, दहाव्याला चार माणसं जमली नाहीत. जी व्यवस्था पक्की होती, तीच नेमकी त्या उन्हाळ्यात बंद पडली.

अकोल्याचे, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचे, शिक्षक-कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकारानं २०२१ मध्ये कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली. नावातला 'एकल' हा शब्द जाणून निवडलेला आहे. विधवा म्हणायचं नाही, हे ठरलं. हे काम ज्या दिवसांत सुरू झालं, तेव्हा एकत्र जमणंच शक्य नव्हतं. म्हणून ते उभं राहिलं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आणि ऑनलाइन बैठकांवर. तालुक्या-तालुक्यातले कार्यकर्ते जोडले गेले, बायांच्या याद्या झाल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारनं 'मिशन वात्सल्य' जाहीर केलं आणि तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुका समित्या नेमायला सांगितल्या. वारसनोंद, रेशन कार्डावरचं नाव, संजय गांधी निराधार योजना, मुलांसाठी बालसंगोपन, केंद्राच्या निर्देशानुसार मिळणारे ५०,००० रुपये: एकेका कागदासाठी बाई तहसीलला हेलपाटे घालणार. ग्रुपवर तिला आधी विचारता येई की कोणता कागद लागतो, कोणत्या टेबलावर जायचं.

वरवर पाहता हे सगळं अर्जांचं बोलणं. पण अर्जाच्या बोलण्यातूनच दुसरं बोलणं निघतं. मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख एकीनं लिहिली की दुसरी लिहिते, आमचे त्याच्या चार दिवस आधी गेले. तिसरी विचारते, लेकरू रात्री उठून विचारतं, काय सांगू? या प्रश्नाला कुठल्याही टेबलावर उत्तर नसतं. ते फक्त त्या दोघींकडे असतं.

असा ग्रुप चालवणं हे कौशल्याचं काम आहे आणि त्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. पहिला प्रश्न ग्रुपमध्ये घेण्याचा. न विचारता कुणाचाही नंबर ग्रुपमध्ये टाकला जायचा. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपनं त्यावर परवानगीची सोय दिली. पण शहाणा ॲडमिन सोय असली तरी आधी फोन करतो. फोन कुणाचा आहे? तो रात्री कुणाच्या हातात असतो, पोराच्या की दिराच्या? ग्रुपचं नाव पडद्यावर दिसलं तर चालेल का? व्यसनाच्या किंवा एचआयव्हीच्या गटाला म्हणूनच साधं, कुणाच्या नजरेत न भरणारं नाव देणं बरं. डीपीवर चेहऱ्याऐवजी फूल, देव किंवा लेकराचा फोटो असला तर त्याचं कारण विचारू नये. एप्रिल २०१६ पासून निरोप वाटेत कुणाला वाचता येत नाहीत, पण आतल्याच कुणी स्क्रीनशॉट काढला तर त्यावर कुलूप नाही. त्याला एकच उपाय आहे, तो एएनं शोधलेला: इथलं इथंच ठेवायचं, असं प्रत्येक नव्या माणसासमोर पुन्हा म्हणायचं.

दुसरा प्रश्न कोऱ्या पडद्याचा. नवं माणूस ग्रुपमध्ये आलं की आधीचं बोलणं बहुधा त्याला दिसत नाही. ते जणू अशा ओसरीवर येतं, जिथं सगळे एकमेकांना ओळखतात आणि नुकतेच गप्प झाले आहेत. अशा वेळी 'आपली ओळख करून द्या' असं लिहिणं फार कठोर आहे. त्यापेक्षा जुन्यांपैकी एखादीनं आपली ओळख पुन्हा पहिल्यापासून सांगावी. गाव, घरी कोण, काय झालं, आज कसं आहे. नव्यानं नुसतं ऐकलं तरी चालेल, हेही सांगावं. महिनोन् महिने काहीच न लिहिणारी माणसं गटात नाहीत असं समजणं चुकीचं आहे. दुःखाच्या घरी येऊन न बोलता बसणारी बाई जशी आलेलीच असते, तशीच तीही असतात.

आणि सुप्रभातची चित्रं. हौसेनं पाठवलेली चाळीस फुलं आणि सुविचार यांच्याखाली एखादीचं पहाटे तीनला लिहिलेलं वाक्य गाडलं जातं. ते वाक्य शोधून काढणं, त्याला सकाळी सातच्या आत उत्तर देणं, आणि ते वाक्य धोक्याचं वाटलं तर ग्रुपवर चर्चा न करता थेट फोन लावणं, हे ॲडमिनचं खरं काम. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही हेल्पलाइन चोवीस तास चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक ग्रुपच्या माथ्यावर कायम लावलेला असावा. आधारगट डॉक्टरची जागा घेऊ शकत नाही, हे एए आणि मुक्तांगण दोघांनीही मानलेलं आहे.

ॲडमिनला ऋतूही पाहावा लागतो. दसरा-दिवाळी झाली की बीड-जालन्याकडच्या तांड्यांमधून आणि वाड्यांमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. घरं म्हाताऱ्यांवर आणि लेकरांवर सोडून पाच-सहा महिने माणसं कोप्यांत राहतात. गावात बसणारा बचतगट या दिवसांत विखुरतो. मोबाइलवरचा ग्रुप तेवढा सोबत जातो. दिवसभर फडात फोन बंद असतो, चार्जिंगची सोय अड्ड्यावर मिळेल तेव्हा. म्हणून निरोप रात्री उशिरा किंवा गाडी भरायला उठल्यावर पहाटे येतात आणि बहुतेक आवाजाचेच असतात. मागे कोपीतली चूल ऐकू येते, बैलांच्या घुंगरांचा आवाज येतो.

नव्या बाईचा पहिला निरोप मात्र बहुतेक वेळा शब्दांचा नसतोच. २०१० मध्ये युनिकोडनं आपल्या यादीत दोन जोडलेल्या हातांची एक खूण घातली. मराठी ग्रुपांवर तिचा अर्थ नमस्कारही होतो, आभारही, आणि 'मी आहे' असाही. नवा नंबर ग्रुपमध्ये येतो, दोन-तीन दिवस काहीच नाही, आणि मग एका रात्री ते जोडलेले हात येतात. खाली एखादी लिहिते, 'या ताई. जेवलात का?'